पंपाची जागा

अण्णाच्या फाईलमध्ये एकोणीस पानांवर सह्या झाल्या होत्या. विसावं पान, इंधनाचं, माझं होतं आणि त्यावर मी सही करत नव्हते.

श्रीकांत, म्हणजे आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ. आजोबा गडहिंग्लजहून हुबळीला आले आणि त्यांनी कोप्पीकर रोडवर शेतीच्या पंपांचं दुकान घातलं. ते अण्णानं चाळीस वर्षं चालवलं. दुकानातून पंप बाहेर पडण्याआधी तो चालवून बघायचा आणि ज्यानं बघितला त्यानं कार्डावर सही करायची, हा त्याचा नियम. विमान बांधायला घेतल्यावर त्यानं तोच नियम विमानाला लावला. पंख, चाकं, ब्रेक, सुकाणू, प्रत्येकाचं एक पान आणि पानाखाली तपासणाऱ्याची सही.

विमान दोन माणसांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, पंख खाली असलेलं. तारिहाळच्या गोडाऊनमध्ये, जिथं पूर्वी पीव्हीसी पाइपांचे गठ्ठे असायचे, तिथं ते सहा वर्षं बनत होतं. नकाशे विकत आणलेले होते. पण इंधनाबद्दल त्या नकाशांत एकच ओळ होती: ही व्यवस्था बांधणाऱ्यानं आपल्या इंजिनाप्रमाणे ठरवावी. अण्णा ती ओळ वाचून खूश झाला. पंप म्हणजे त्याचा विषय.

पत्र्याचं काम वादिराज करायचे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, हाताचे इतके नेमके की त्यांनी मारलेल्या रिव्हेटांच्या ओळीवर पट्टी ठेवून बघावी. मी धारवाडच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर अण्णा म्हणाला, "शांते, घरात बसून काय करणार, हिशेब तपासायला ये." म्हणून मी आठवड्यातून तीनदा चिगरी बसनं हुबळीला येऊ लागले.

आणि दीपाली. अण्णाची मुलगी. तिच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स होतं आणि दोन मेला तिला कंपनीत हजर व्हायचं होतं. त्याआधी, सत्तावीस एप्रिलला, अण्णाचं विमान पहिल्यांदा तिनं उडवायचं असं ठरलं होतं. म्हणजे त्या विसाव्या पानावर मी सही केली की त्या यंत्रात दीपाली बसणार होती.

पंख वर असलेल्या विमानात टाक्याही वर असतात आणि पेट्रोल आपसूक खाली इंजिनाकडे येतं. आमच्या विमानात टाक्या पंखांत, म्हणजे खाली, आणि इंजिन वर. पेट्रोल चढवावं लागणार. त्यासाठी इंजिनावर एक पंप असतोच. तो बंद पडला तर विजेवर चालणारा दुसरा.

पहिला वाद टाक्यांच्या कॉकवरून झाला होता आणि तो एका दुपारात मिटला. अण्णाला कॉकवर डावी, उजवी आणि 'दोन्ही' अशा तीन खुणा हव्या होत्या. मी म्हटलं, 'दोन्ही' नको.

"का नको? दोन्हीकडनं सारखं येईल."

"अण्णा, दोन विहिरी एका पंपाला जोडल्या आणि एक आटली, तर काय होतं?"

तो थांबला. "हवा ओढतो. मग भरलेल्या विहिरीचंही पाणी येत नाही."

"तसंच."

"मग तसं सांगायचं की. आकडे कशाला दाखवत बसतेस." त्यानं त्याच दिवशी 'दोन्ही'ची खूण कानशीनं घासून काढली. मला वाटलं, आता पुढचं सोपं आहे. माझी चूक झाली. जोवर पेट्रोल पाण्यासारखं वागत होतं, तोवर अण्णाला सगळं कळत होतं.

दुसरा वाद विजेवरच्या पंपाच्या जागेचा. अण्णानं तो इंजिनामागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला बसवला होता. मला तो खाली, पंखाच्या मुळाशी, टाकीच्या पातळीला हवा होता. वरचा पंप पेट्रोल ओढतो. खालचा ढकलतो. ओढलं की नळीतला दाब कमी होतो. आणि दाब कमी, वर इंजिनाची धग, असं असलं की पेट्रोल नळीतच उकळतं. पंपाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते आणि इंजिन बंद पडतं. त्यात इंजिनावरचा पंपही त्याच धगीत. ज्या कारणानं एक मरेल त्याच कारणानं दुसरा मरेल, मग दोन कशाला?

हे मी तोंडी सांगितलं. मग तीन पानांवर लिहून दिलं, आकृतीसकट. पुढच्या खेपेला आले तेव्हा दुसऱ्या पानाला चार भोकं पडलेली होती. वादिराजांनी त्यावर गॅस्केटचं माप घेतलं होतं.

"कागद जाड होता, अक्का," ते म्हणाले. "चांगला कागद वापरता तुम्ही."

अण्णाचं म्हणणं एकच. "डोळ्यांसमोरचा पंप बिघडला तर दिसतो. खाली पुरून ठेवलेला बिघडला तर विहिरीला शिव्या देत बसायचं."

हे तो विमानाबद्दल बोलत नव्हता. बोअरवेलमध्ये सोडायचे सबमर्सिबल पंप बाजारात आले तेव्हा अण्णानं ते दुकानात ठेवले नाहीत. जो पंप हात लावून बघता येत नाही तो मी विकणार नाही, म्हणाला. आठ वर्षं हट्ट धरला. तोवर त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानांत गेली. मी पंप खाली बसव म्हटलं की त्याला ते सगळं आठवत असणार. पण तसं तो कधी बोलला नाही आणि मीही बोलले नाही. आम्ही सेंटिमीटरांत भांडत राहिलो.

वादिराज संध्याकाळी मला स्कूटरवरनं बसथांब्यावर सोडायचे. स्कूटरवर बसलं की ते म्हणायचे, "तुमचंच बरोबर आहे, अक्का. पेट्रोल लई नाजूक. अँबॅसडर गाड्या घाटात अशाच बंद पडायच्या."

"मग तिथं का बोलत नाही?"

"साहुकारांसमोर?" अण्णाला ते साहुकार म्हणायचे, म्हणजे मालक. ते हसायचे. "बिडरी, अक्का." म्हणजे सोडा. हा शब्द मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकला की एकदा बसमधून उतरून परत जावं आणि त्यांना अण्णापुढे उभं करावं असं वाटलं. गेले नाही.

एक दिवस मी घरून काचेची सिरिंज घेऊन गेले. टबात पन्नास अंशांचं पाणी घेतलं, सिरिंजमध्ये थोडं पेट्रोल भरलं, ती पाण्यात धरून गरम केली, तोंड बोटानं घट्ट बंद केलं आणि दट्ट्या मागं ओढला. पेट्रोलात बुडबुडे उठले. नुसते दोनचार नाहीत, उकळी आल्यासारखे.

अण्णानं बघितलं. "बोटाच्या फटीतनं हवा शिरली."

मी तोंडाला रबरी बूच लावून पुन्हा केलं. पुन्हा उकळी आली.

"बरं," अण्णा म्हणाला. "आता सिरिंजनं विमान उडवायचं काय?" वादिराज हसले. मग अण्णाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. मी सिरिंज पुसून डब्यात ठेवली. हाताला पेट्रोलचा वास संध्याकाळपर्यंत येत होता.

दीपालीनं मात्र नीट बघितलं होतं. ती पंखाच्या कडेला बसून म्हणाली, "आत्या, मला कळतंय तू काय म्हणतेस ते."

"मग तुझ्या अप्पाला सांग."

"मी सांगितलं की ते म्हणणार, आत्यानं शिकवून पाठवली. सहा वर्षं त्यांनी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की तुमच्या पंपावर माझा विश्वास नाही?"

"बसणार तू आहेस, दीपाली."

"म्हणूनच म्हणतेय. सही कर नाहीतर नको करू. पण असं अधांतरी ठेवू नको. माझ्याकडे आठ दिवस आहेत."

ज्या मुलीसाठी मी भांडत होते तिलाच मी अडचण वाटत होते. घरी जाताना वादिराजांनी 'तुमचंच बरोबर' असं म्हटल्यावर मी त्यांना, का कोण जाणे, स्कूटर हळू चालवा असं म्हटलं.

शेवटी मी अण्णाला एक गोष्ट मागितली. चोवीस एप्रिलला दुपारी अडीच वाजता विमान गोडाऊनबाहेर उन्हात काढायचं. पुढचं चाक विटांवर चढवून नाक वर करायचं, चढताना असतं तसं. दहा मिनिटं इंजिन चालवायचं, वीस मिनिटं बंद ठेवायचं, कारण धग सगळ्यात जास्त चढते ती इंजिन बंद केल्यावर, आणि मग पुन्हा सुरू करून पाच मिनिटं पूर्ण जोरात चालवायचं. पाच मिनिटं चाललं तर मी सही करेन. पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

"नक्की?" अण्णानं विचारलं.

"नक्की."

"मग पेन घेऊनच ये."

त्या दिवशी हवेचं तापमान अडतीस होतं. मी विजेवरच्या पंपाच्या अंगाला आधीच तापमापकाची तार चिकटवली होती आणि तिचा आकडा गोडाऊनच्या दारात, टेबलावर वाचत होते. दीपाली आत बसली. वादिराज आगीचा सिलिंडर घेऊन पंखामागे उभे. दहा मिनिटं इंजिन चाललं, थांबलं. त्या वीस मिनिटांत आम्ही सावलीत बसून ताक प्यालो. अण्णा बसला नाही. तो विमानाभोवती फिरत होता, कधी हे दार उघड, कधी ते लाव, लग्नघरात नवरीचा बाप फिरतो तसा. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून आकडा लिहीत होते.

इंजिन पहिल्या हाकेला सुरू झालं. दीपालीनं जोर वाढवला. एक मिनिट. दोन. धूळ उडून गोडाऊनच्या पत्र्यावर आपटत होती. तीन. चार. मी प्रत्येक क्षणी आवाज फुटायची वाट बघत होते, आणि मला लाज वाटली की मी तो फुटावा म्हणून वाट बघते आहे. पाच मिनिटं झाली. दीपालीनं इंजिन बंद केलं आणि अंगठा दाखवला.

अण्णा जवळ आला. जिंकल्यासारखं काही बोलला नाही. नुसतं फाईलचं विसावं पान उघडून टेबलावर ठेवलं. "घे. तुझा शब्द होता."

मी पेनाचं टोपण काढलं. वर तारीख घातली. त्या पानावर चाचणीचे आकडे लिहायची जागा होती, म्हणून वहीतून उतरवून घ्यायला लागले. आधीच्या चार खेपांना इंजिन थोडं चालवून मी आकडे घेतले होते; ते थांबल्यावर वीस मिनिटांनी पंपाचं तापमान होतं एकसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. आजचं होतं एक्केचाळीस.

ताक पिता पिता मी ते लिहिलं होतं आणि बघितलं नव्हतं. या सगळ्या दिवसांत ऊन आजच सर्वांत कडक, इंजिन आजच सर्वांत जास्त चाललेलं, आणि पंप बावीस अंशांनी गार.

"तार सुटली असेल," मी म्हणाले. "बघून येते."

"आता तार कशाला?" अण्णा म्हणाला. "चाललं ना?"

मी गेले. इंजिनाच्या आवरणाला बाजूनं एक लहान झडप होती, ती उघडली. तार जागेवर होती. तिच्यावरून, पंपाला तीन वेढे घालून, ओला पंचा गुंडाळलेला होता. पांढरा, लाल काठाचा.

तेव्हा मी वळून अण्णाच्या डाव्या खांद्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. पंच्याशिवाय मी त्याला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. सकाळी होता, दुपारी नव्हता. माझ्या डोळ्यांना ते दिसलं असणार. पण तो आकडा नव्हता, म्हणून मी लिहिला नाही.

"अण्णा, हे काय?"

"पंचा."

"ते दिसतंय. इथं कसा आला?"

"मी गुंडाळला. हात लावून बघितलं, तापला होता बिचारा." त्याच्या आवाजात चोरी पकडल्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. "उन्हात मशीन चालवायचं तर ओलं फडकं टाकतातच. रोणला, नवलगुंदला शेतात डेमो दिले, तेव्हा काय करत होतो? चाळीस वर्षं टाकतोय."

"म्हणजे तापल्यावर तो त्रास देतो हे तुला माहीत होतं."

"ते कुणाला माहीत नसतं?"

मी तीन पानं लिहिली होती. सिरिंज आणली होती. महिनाभर बसनं ये-जा करून मी ज्याला एक गोष्ट पटवत होते, त्याच्या हातांना ती माझ्या जन्माआधीपासून माहीत असल्यासारखी होती. दीपाली खाली उतरून शेजारी येऊन उभी होती. तिनं झडपेतून आत बघितलं, मग बापाकडे.

"अप्पा, मग पाण्याची बादली पण द्या बरोबर," ती म्हणाली. "चार हजार फुटांवर एक हात बाहेर काढून पंचा भिजवते. दुसऱ्या हातानं उडवते."

अण्णानं झडपेतून हात घालून पंचा अजून ओला आहे का ते बघितलं.

"सांगा की. तिथं कोण टाकणार ओलं फडकं?"

कुणी न सांगता वादिराज पुढे झाले. त्यांनी पंचा सोडवला, पिळला आणि अण्णाच्या हातात दिला. "परत एकदा बघू या, साहुकार," ते म्हणाले. त्यांनी अण्णाला काहीतरी करायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा वीस. या वेळी ताक कुणी प्यालं नाही. आकडा त्रेसष्टवर गेला. इंजिन कुरकुरत सुरू झालं. पूर्ण जोर दिल्यावर एक मिनिट पस्तीस सेकंदांनी ते खोकलं. दीपालीनं विजेवरचा पंप सुरू केला. पहिल्यांदा तो नेहमीसारखा वाजला आणि मग आवाज बदलला, कोरडा, खडखडीत. विहीर आटल्यावर पंप वाजतो तसा. तो आवाज माझ्यापेक्षा अण्णाच्या ओळखीचा. पंखा थांबायच्या आधीच त्यानं तोंड फिरवलं.

हातातला पंचा खांद्यावर टाकून तो रस्त्याकडे चालत गेला. माझ्याकडे बघितलं नाही. विसाव्या पानावर तारीख तेवढी होती. मी ती खोडली.

सत्तावीस तारीख गेली. दीपाली एक मेला गेली. मी तिला निरोप द्यायला केशवापूरच्या घरी गेले होते. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. रिक्षात बसताना ती म्हणाली, "आत्या, आता दिवाळीच्या रजेत बघू. मिळाली तर." मी बरोबर होते, आणि त्यामुळे सहा वर्षांनी ठरलेला तो एक दिवस कुणालाच मिळाला नाही. बरोबर असण्याचा मला त्या दिवशी फार राग आला.

अकरा दिवस अण्णाचा फोन नव्हता. बाराव्या दिवशी आला.

"शांते, ती काचेची सिरिंज कुठं मिळते?"

"सुभाष रोडला. कॉलेजांना सामान पुरवणारं दुकान आहे."

"दोन घेऊन ये. गुरुवारी."

गुरुवारी गेले तर विमान उन्हात, नाक वर करून उभं. अण्णानं बघायला बोलावलेले बाजारातले दोन दुकानदार खुर्च्यांवर बसलेले. मी वाकून पंखाखाली बघितलं. आता विजेवरचे पंप दोन होते, दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक, टाकीच्या पातळीच्या जरा खाली. आणि प्रत्येकाखाली पत्र्याला तळहाताएवढं झाकण, चार स्क्रूंचं. झाकण काढलं की पंप हाताशी, डोळ्यांसमोर. माझ्या तीन पानांत असं झाकण नव्हतं. मला सुचलं नव्हतं.

वादिराज आत बसले आणि चाचणी झाली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाच मिनिटं. इंजिनामागच्या भिंतीपाशी बासष्ट अंश, खालच्या पंपांपाशी चाळीस. आवाज शेवटपर्यंत एकसारखा.

मग अण्णानं टबात गरम पाणी मागवलं आणि मी आणलेल्या सिरिंजनं त्या दोघांना प्रयोग करून दाखवला. बूच लावायला विसरला नाही.

"पेट्रोल म्हणजे पाणी नव्हे," तो त्यांना म्हणाला. "ओढायचं नसतं, खालनं ढकलायचं असतं. पहिल्या दिवसापासून सांगतोय मी. साठ अंशाला उकळतं हे."

वादिराज माझ्याकडे बघत होते. मला हसू आलं नाही.

"असं एका अंशाला नाही उकळत, अण्णा," मी म्हटलं. "चाळिशीपासूनच सुरू होतं, मग वाढत जातं."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि फाईल माझ्यापुढे सरकवली.

मी वहीतले आकडे पानावर उतरवले आणि पुन्हा एकदा वरून खाली वाचले. मग उठले, इंजिनाची झडप उघडून आत बघितलं, दोन्ही पंखांखाली बघितलं, आणि परत येऊन अण्णाच्या खांद्याकडे बघितलं. पंचा होता. कोरडा होता. मग सही केली.